टाचणाबाहेरची पानं

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

टाचण वहीत आज एवढंच लिहिलं : इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास भाग २, घटक इजिप्त, तासिका १, साहित्य पाठ्यपुस्तक, खडू, फळा. तपासायला कुणी आलं तर तेवढं पुरे. बाकीचं या वहीत.

पुस्तकात इजिप्तला जागा मोजकीच आहे. वाचून व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मग विचारलं, पिरॅमिड कशासारखा दिसतो? डोंगर, देवळाचा कळस, समोसा. समोशावर बराच वेळ गेला. मागच्या बाकावरून आवाज आला, "पुंजण्यासारखा." वर्ग हसला. मी नाही हसले. दिवाळीच्या सुमारास आमच्या अर्जुनी-मोरगाव भागात कुठल्याही बांधीत बघावं, कापलेल्या धानाचे भारे रचून पुंजणे उभे असतात. खाली रुंद, वर निमुळते. मी त्याला म्हटलं, सांग, वर निमुळता का ठेवतात? "पानी आत मुरत नाही मॅडम. अन् खाली जास्त भारे नाही लावले तर पडते न जी."

फळ्यावर त्रिकोण काढला आणि बरोबर मध्यावर आडवी रेघ मारली. निम्मी उंची झाली म्हणजे निम्मं काम झालं का? सगळे म्हणाले हो. पुंजणेवाला म्हणाला नाही. त्याचंच खरं. निम्म्या उंचीपर्यंत पोचता पोचता आठातले सात भाग दगड लागून गेलेले असतात. उरलेल्या अर्ध्या उंचीला एकच भाग. हे मला स्वतःला चाळिशीत, वाचून कळलं. त्याला बापाबरोबर भारे उचलून कळलेलं.

पहिल्या बाकावरची पोर, जिला मी मनातल्या मनात 'प्रश्नावली' म्हणते, तिनं शेवटी विचारलंच.

"एवढं रचून आत काय ठेवलं होतं?"

"एक राजा."

"एकच?"

घंटा झाली.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची, म्हणजे खुफू राजाच्या, एक बाजू २३० मीटर. इजिप्तच्या लोकांच्या मापात ४४० हात. हात म्हटल्यावर मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आजी अजून सुतळी तशीच मोजते. पण कुणाचा हात? वर्गात मोजले तर कुणाचा ३५ सेंटिमीटर, कुणाचा ३९, माझा ४३. भांडण लागलं. सगळ्यात उंच पोराचा धरू या असं ठरत आलं होतं, तेवढ्यात प्रश्नावली म्हणाली, "राजाचा धरला असंल."

तसंच होतं. त्यांचा शाही हात २८ बोटांचा, म्हणजे चार बोटांच्या सात मुठींचा, सुमारे ५२ सेंटिमीटर. बांबूची तेवढी काडी कापली, तेवीस मीटरचा दोर घेतला आणि बाहेर पडलो. शाळेच्या फाटकापासून दोर दहादा टाकला तेव्हा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर पोचलो. ही एक बाजू. दुसरी बाजू कुणाच्या तरी लाखोळीच्या शेतातून जात होती, तिथं थांबलो.

चारही बाजू धरल्या तर तेरा एकर. मीटरनं त्यांना काही वाटलं नव्हतं. एकर ऐकल्यावर गप्प झाले. "आमची दीड एकर हाये." एकाने लगेच हिशेब मांडला, एकरी पंधरा क्विंटल धान धरला तर १९५ क्विंटल. एवढी जमीन एका माणसाच्या कबरीखाली घालायची म्हणजे काय! मग सांगावं लागलं की पिरॅमिड शेतात नाहीत. नाईलच्या पश्चिमेला, पुराचं पाणी आणि गाळ जिथं पोचत नाही, त्या खडकाळ माळावर आहेत. गाळाची जमीन त्यांनी धान्यालाच ठेवली. मुलांना हायसं वाटलेलं दिसलं. शेतकऱ्याची पोरं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज गणित आणि भाषा एका तासात. अंदाजे २३ लाख दगड, बहुतेक चुनखडीचे, सरासरी अडीच टनांच्या आसपासचे. बांधायला वीस वर्षं धरली. भागाकार मुलांनीच केला. रोजचे ३१५. दहा तासांचा दिवस धरला तर तासाला एकतीस-बत्तीस, म्हणजे दर दोन मिनिटांना एक दगड जागेवर बसला पाहिजे.

एकाला घड्याळ दिलं आणि सांगितलं, दर दोन मिनिटांनी बाकावर ठोका द्यायचा. मी मराठीची कविता शिकवत राहिले. पहिले पाच ठोके सगळे हसले. दहाव्यानंतर कुणी वर बघेना. तासिका संपली तेव्हा सतरा ठोके झाले होते. ठोके देणारा म्हणाला, "मॅडम, माझा हातच दुखला, दगड तर उचललाच नाही."

मग मोबाइलवाल्या पोरानं सांगितलं की हे माणसांनी बांधलेलंच नाही, परग्रहावरून आले होते, व्हिडिओत दाखवलंय. मी उत्तर दिलं नाही. विचारलं, नवेगावबांधचा तलाव कुणी बांधला? हे इथं सगळ्यांना पाठ असतं. कोलू पाटील कोहळी. आमच्या भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, कितीतरी या कोहळी समाजाच्या हातचे. पाणी कुठं अडवायचं हे त्यांना डोळ्यांनीच कळायचं म्हणतात.

"एकट्यानं बांधला?"

कुणी काही बोललं नाही. माती कुणी वाहिली, टोपल्या किती, बायका किती, काहीच कुणाला ठाऊक नाही. पाटलाचं नाव राहिलं. बाकीच्यांची नावं गेली. मला वाटतं परग्रहवाले अशाच रिकाम्या जागेत उतरतात.

शनिवार, १० फेब्रुवारी

सकाळची शाळा. दप्तर नाही, कागदकाम. आणि माझी फजिती.

गिझाच्या पिरॅमिडचा उतार सोप्या मापात बसतो : सात मुठी वर चढलं की साडेपाच मुठी आत सरकायचं. म्हणजे पाया २२ सेंटिमीटर घेतला तर उंची १४ आली पाहिजे. मी मोठ्या रुबाबात २२ पाया आणि १४ उंचीचे चार त्रिकोण पुठ्ठ्यातून कापून दिले. चिकटवले तर भाकरीसारखा चपटा ढीग झाला. उंची मोजली, जेमतेम साडेआठ.

पंधरा मिनिटं माझ्या लक्षात येईना. मग डोक्यात प्रकाश पडला. १४ ही मधून सरळ वर जाणारी उंची. बाजू तर तिरकी पडते, ती लांब हवी. पावणेअठरा सेंटिमीटरहून जराशी जास्तच. पुठ्ठे वाया गेले. मुलांना मात्र मजा आली. मॅडम चुकल्या!

त्यांना सांगितलं, खुफूच्या बापाचंही असंच झालं होतं. स्नेफरू त्याचं नाव. दहशूरला त्यानं पिरॅमिड उभा करायला घेतला. खालचा उतार सुमारे ५४ अंशांचा. काम अर्ध्यावर गेल्यावर उतार एकदम ४३ अंशांवर आणला. बांधकाम खचायला, तडकायला लागलं असावं, असं अभ्यासक मानतात. तो वाकडा पिरॅमिड आजही उभा आहे. मग स्नेफरूनं शेजारीच आणखी एक बांधला, तो पहिल्यापासून कमी उताराचा. त्याच्याही आधी सक्कारात जोसर राजासाठी इम्होतेपनं रचलेला पायऱ्यापायऱ्यांचा होता, सहा टप्प्यांचा. पुस्तकातल्या चित्रात एकदम गुळगुळीत त्रिकोण दिसतो. त्यामागं दोन-तीन पिढ्यांची चुकतमाकत झालेली उजळणी आहे, हे चित्रात दिसत नाही.

चपटा ढीग फेकला नाही. कपाटावर ठेवलाय. पुंजणेवाल्यानं त्यावर पेन्सिलीनं लिहिलं : मॅडमचा पिरॅमिड.

सोमवार, १२ फेब्रुवारी

बांधकामासाठी आणलेल्या वाळूतली दोन घमेली मागून घेतली. घरून पाट नेला, त्यावर एक वीट, विज्ञानपेटीतला तानकाटा दोरीला. कोरड्या वाळूतून ओढलं तर पाटापुढं वाळूचा बांध साचत गेला आणि काटा वीसच्या पुढं. मग वाळूवर पाणी शिंपडलं, हातानं दाबली. पाट सरकन गेला. काटा चौदा. तिसऱ्यांदा एकानं उत्साहानं आख्खी बादली ओतली. पाट रुतला.

इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या सरदाराच्या कबरीत एक चित्र होतं, पिरॅमिडनंतर सहा-सातशे वर्षांनी काढलेलं. प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर बांधलाय, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दोर ओढताहेत आणि घसरगाडीच्या टोकाशी उभा राहून एक माणूस पुढं पाणी ओततोय. बरीच वर्षं लोकांना वाटे, हा काहीतरी पूजाविधी. २०१४ साली ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळू नेमकी ओली असेल तर ओढण्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो.

हे ऐकून मुलं फारशी चकित झाली नाहीत. चिखलणीत फळी कधी सरकते आणि कधी रुतते, ते त्यांनी पाहिलेलं आहे. "पानी ओतणारा माणूस हुशार पाहिजे," एकजण म्हणाला. "जास्ती ओतलं तर मार खाईल."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज मेरेर वर्गात आला. मी ज्याच्यासाठी हा पाठ दहा दिवस लांबवला, तो हा माणूस.

२०१३ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या चमूला तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथं, पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून आजवर मिळालेल्यांत सर्वांत जुने, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात राजाची स्तुती नाही, मंत्र नाहीत. मेरेर नावाच्या तपासनिसानं ठेवलेली रोजची नोंद आहे. वर महिन्याचे दिवस, खाली उभे रकाने. त्याच्या हाताखाली चाळीसएक माणसं आणि नाव. काम : नाईलच्या पलीकडे तुरा इथल्या खाणीतून पांढरीशुभ्र चुनखडी नावेत भरायची आणि पाण्यानं गिझाला पोचवायची. पिरॅमिडच्या बाहेरच्या गुळगुळीत अंगासाठी.

"तुरा? कोंबड्याचा?" पाच मिनिटं गेली.

मी फळ्यावर तसलेच रकाने आखले आणि माझ्या शब्दांत भरले. आज दगड भरले. आज निघालो. रात्री वाटेत मुक्काम. आज पोचलो, उतरवले. आज रिकामी नाव घेऊन परत. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा. बस. पुढच्या पानावर पुन्हा तेच.

बघता बघता प्रश्नावली म्हणाली, "हे तर मस्टर होय."

तिची आई रोजगार हमीवर जाते, तलावाच्या गाळाच्या कामाला. तिनं सगळं सांगितलं. हजेरीपटावर नावं, दिवसांचे रकाने, आता मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढतात. "फोटोच्या टायमाले माय मागं राहिली तर हजेरी जाते." मग विचारलं, "मेरेरनं त्या चाळीस जणांची नावं लिहिली का?"

मला माहीत असलेल्या उताऱ्यांत साहेबांची नावं येतात. खुफूचा भाऊ अंखहाफ येतो, तो देखरेखीला होता. वल्हं मारणारे म्हणजे नुसती 'टोळी'. मी तसंच सांगितलं. तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि हातानं झाकलं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

हजेरी घेताना आठवलं म्हणून सांगितलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दगडाची एक मोठी खपली आहे. पिरॅमिडच्या खूप नंतरची, रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षातली, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. राजांच्या कबरी खोदणाऱ्या चाळीस कारागिरांच्या गैरहजेरीची ती नोंद. नावापुढं तारीख आणि वर लाल शाईनं कारण. आजारी. डोळे आले. विंचू चावला. घरात मयत होती. बीअर गाळत होता.

"मोहाची?" असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं आणि वर्ग फुटला.

हसू ओसरल्यावर मी आमची हजेरी उघडली. नावापुढं आपण फक्त 'गै' लिहितो. का आला नाही, याला रकानाच नाही. मागच्या महिन्यातले 'गै' मोजले, सदतीस निघाले. मुलांना विचारलं, कारणं सांगता येतील? पटापट आली. ताप. पाहुणे. गुरं. आईबाबा नागपूरला कामाला, आजीपाशी कुणी नाही. उन्हाळी धानाची रोवणी. शिक्षिका म्हणून सोळा वर्षं झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनानं जे लिहून ठेवलं ते मी एकदाही लिहिलं नव्हतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुटी. आज मधल्या सुटीत मोबाइलवाल्या पोराचा आजा ओट्यावर येऊन बसला. नातू घरी रोज हेच सांगतो म्हणाला.

"मॅडम, लोकाईले मजुरी देत होते का?"

म्हटलं, नाणी तेव्हा नव्हतीच. भाकरी, बीअर, मांस मिळायचं. गिझाला कामगारांच्या वस्तीत भट्ट्या निघाल्यात, गाईबैलांची, शेळ्यामेंढ्यांची हाडं निघालीत.

"म्हणजे बेगारच."

म्हटलं, पूर्वी लोक त्यांना गुलाम म्हणत, आता तसं म्हणत नाहीत. १९९० साली एका घोड्याचा पाय जमिनीतल्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांच्या कबरी सापडल्या, राजाच्या पिरॅमिडपासून हाकेच्या अंतरावर. मोडून नीट जुळलेली हाडंही मिळाली, म्हणजे कुणीतरी औषधपाणी करत होतं. गुलामांना इतक्या मानाच्या जागी कोण पुरणार?

आज्यानं तंबाखू मळली. "मेल्यावर जागा चांगली दिली म्हणा."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. गुलाम नव्हते, इतकं खरं. पण नाही म्हणायची सोय होती का? मालगुजाराच्या वेळची बेगार त्याच्या बापानं केलेली. त्याला फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो.

जाता जाता त्याला तुरीन शहरातल्या पपायरसची गोष्ट सांगितली. रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी कबरींच्या कारागिरांचं धान्य थकलं, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि राजांच्या देवळांपाशी जाऊन बसकण मारली. जगातला लेखी नोंद असलेला पहिला संप म्हणतात त्याला. आजा मोठ्यानं हसला. त्याच्या मुलाच्या धानाचे चुकारे अजून यायचेत. "आमाले बसाले देऊळ कोणतं?"

शनिवार, २४ फेब्रुवारी

माघी पौर्णिमा. चार मुलं नाहीत, कचारगडला गेलीत. इथून अर्जुनी, मग गोंदिया, मग दरेकसा, पुढं चालत. सालेकसा तालुक्यातली ती प्रचंड गुहा गोंड समाजाचं मूळस्थान. दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात.

ममीचा भाग आज घेणार होते, पण चार जणांशिवाय नको वाटलं. त्याऐवजी नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं सांगितली. सुमारे तीनशे गोल, मोठमोठे धोंडे मांडलेले, आत मातीचा उंचवटा आणि खाली मृतांसोबत ठेवलेल्या वस्तू. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांतली काही उकरली. जवळच्या माहुरझरीला तर माणसांबरोबर घोडे पुरलेले आणि घोड्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने. अडीच हजार वर्षांपलीकडची आपल्या विदर्भातली माणसं. मेलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे नाईलच्याच काठी सुचलं असं नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

कचारगडहून चौघं आली. एकीनं कथा सांगितली. लहान मुलं गुहेत कोंडलेली असतात, तोंडाशी भला मोठा दगड. पारी कुपार लिंगो येतात, दगड सरतो, मुलं सुटतात. सांगून झाल्यावर ती फळ्यावरच्या पिरॅमिडकडं बघत राहिली.

"मॅडम, इथं राजाले कोंडाले दगड लावला. आमच्याकडं लेकरं सोडवाले काढला."

मी तो तास तिथंच थांबवला.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. बाकीच्या वर्गांच्या कविता झाल्या. पाचवीनं रोजनिशी वाचली : मेरेरच्या नावेवरचा मी. यंदापासून पाठ्यपुस्तकांतच वहीची पानं जोडलीत, वर 'माझी नोंद' छापलेलं. वर्षभर ती पानं बहुतेक कोरीच होती. या आठवड्यात भरली.

मेरेर कुणीच झालं नाही. सगळे वल्ह्यावर. प्रश्नावलीनं नुसती नावं लिहिली, एक ते चाळीस. पहिलं आईचं, मग मावशीचं, मग गाळाच्या कामावरच्या बायकांची, शेवटी वर्गातल्या पोरांची. वाचायला पुरे दोन मिनिटं लागली. ठोके देणाऱ्या पोराचा हात नकळत बाकावर गेला.

पुंजणेवाल्याच्या नोंदी सगळ्यांत लहान. "दगड भरले. पोचलो. आज नाव रिकामी परत. रिकामी खेपपण लिहावी लागते, कारण वल्हं मारावंच लागते."

टाचण वहीत लिहिलं : घटक इजिप्त, पूर्ण. हजेरीत पट २३, उपस्थित २२. एका नावापुढं 'गै' लिहिलं. मग पेन्सिल घेतली आणि बारीक अक्षरात त्याच्या डोक्यावर लिहिलं : माय रोवणीला, लहान भाऊ सांभाळायला.